एका फोटोची दोन हँडलं

"वहिनी, हे नाव प्रिंटवर पण हवंय का?" दिराने विचारलं आणि सुनेने मान वर केली. प्रिंटरमधून एक गुटगुटीत बाळ बाहेर येत होतं आणि त्याच्या कपाळापासून ढुंगणापर्यंत स्टुडिओचं नाव तिरपं उमटलं होतं.

नाव फक्त वेबसाइटवरच्या फोटोंवर यायला हवं होतं, फुकट्यांनी उचलून नेऊ नयेत म्हणून. घरच्या स्टुडिओसाठी ती स्क्रिप्ट सुनेनेच पीएचपी या संगणकभाषेत लिहिली होती आणि त्यानंतर काही दिवस घरात जराशी ताठ मानेने वावरलीही होती. दिराने गिऱ्हाइकाचा जुना फोटो स्कॅन करायचा. स्क्रिप्टने नाव टाकलेला फोटो वेबसाइटला द्यायचा, स्वच्छ फोटो 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि स्कॅनची फाईल पुसून टाकायची.

तिने त्या फोल्डरमधला आणखी एक फोटो उघडला. कुणा आजोबांच्या मिशांवरून नाव गेलेलं. पुढच्यातही तेच.

बाळाच्या आईकडून, आजोबांच्या नातवाकडून कागदी फोटो परत मागवता आला असता; थोडी शोभा झाली असती, इतकंच. पण संध्याकाळी शाळेतल्या बाई येणार होत्या. बाई निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक फोटो, दोघींचा मिळून काढलेला, त्यांनी इथून स्कॅन करून नेला आणि घरी तो चौकटीच्या काचेला चिकटला. सोडवायला गेल्या, तर चेहरा काचेवरच राहिला, नुसता डाग होऊन. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना गं?" त्यांनी फोनवर विचारलं होतं. "मला तिचा चेहरा आता नीटसा आठवत नाही." अगदी सुरक्षित आहे, असं सुनेने छातीठोकपणे सांगितलं होतं.

बाईंची फाईल उघडायला तिचा हात धजेना. त्यापेक्षा तिने स्क्रिप्ट उघडली. चूक अगदी वरच, राजरोस बसलेली होती. पहिल्या ओळीत चित्र उघडून ते 'फोटो' या व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं, आणि दुसऱ्या ओळीत 'मूळ = फोटो' एवढं लिहून सूनबाई निर्धास्त झाल्या होत्या.

"मग घेतलीत की कॉपी," दीर खांद्यावरून डोकावत म्हणाला.

"कसली कॉपी, डोंबलाची. चित्र व्हेरिएबलमध्ये नसतंच, भाऊजी. ते मेमरीत एका जागी असतं, आपल्या हाती येतं ते नुसतं त्याचं हँडल. मी हँडलाची कॉपी काढली. गाईला दोन दावी बांधली म्हणून गाई दोन होतात का?"

"आणि एक दावं धरून तुम्ही गाईला रंग फासलात."

त्याला इतक्या चटकन कळलं, याचाही तिला राग आला. त्याच मापाचं कोरं चित्र तयार करून त्यात सगळं उतरवून घ्यायचं, तेव्हा कुठे खरी कॉपी होते. हे तिला पाठ होतं. पण आकड्याची कॉपी नुसत्या '='ने होते तशी चित्राचीही होईल, असं समजून हात पुढे धावला होता. बाईंना आता काय सांगायचं?

ती पुढच्या ओळी वाचत गेली आणि एका ओळीवर थबकली. आडवा स्कॅन झालेला फोटो असेल, तर तो फिरवून सरळ करायची ओळ. फिरवणारं फंक्शन हातातल्या चित्राला धक्काही लावत नाही; फिरवलेलं चित्र वेगळं तयार करतं आणि त्याचं नवं हँडल देतं. म्हणजे 'फोटो' नव्या चित्राकडे गेला, नाव त्याच्यावर पडलं. 'मूळ' मात्र जुन्याच चित्राला धरून राहिलं.

"भाऊजी, बाईंचा फोटो तुम्ही कसा ठेवला होता स्कॅनरवर?"

दिराने खाली बघितलं. "आडवा. घाई होती हो. तुम्ही सांगितलं होतंत, पण... आता बाबांना नका सांगू."

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली आणि तिने फाईल उघडली. पडद्यावर दोन मुली कुशीवर पडल्यासारख्या आडव्या, आणि त्यांच्या अंगावर एक अक्षर नाही. सुनेचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि दिराला वाटलं, वहिनीचं काहीतरी बिनसलं.

कारण कळल्यावर मात्र त्याला ऊत आला. "म्हणजे मी सरळ माणूस असतो तर गेला असता फोटो," असं तो तीनदा म्हणाला. तिने स्क्रिप्ट दुरुस्त केली, बाळाच्या आईला फोन लावला आणि चहा टाकला. इतका चवदार चहा तिने बऱ्याच दिवसांत प्यायला नव्हता.

संध्याकाळी बाई आल्या. सुनेने मोठा केलेला फोटो त्यांच्या हातात दिला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. सुनेला वाटलं, काही चुकलं का?

"मी मनात तिला मोठी करत आले," बाई म्हणाल्या. "दरवर्षी माझ्याबरोबर. थोरली ना ती." त्यांनी फोटोतल्या मुलीच्या गालावरून बोट फिरवलं. "इतकीशी होती गं ही. आणि दिवसभर मला कडेवर घेऊन हिंडायची."