उलट्या वाऱ्यातली वावडी

मी बन्सीच्या खळ्यातली वावडी बोलतेय. बाभळीची, तीन पायांची, धान्य उपणायची उंच तिवई. माझ्या माथ्यावर उभं राहून बन्सी पाटीतून मळलेली ज्वारी हळूहळू सोडतो. दाणे खाली पडतात, भूस वारा नेतो. मेहनत वाऱ्याची, नाव बन्सीचं, आणि घाम खालून पाट्या भरून देणाऱ्या त्याच्या बायकोचा, मनकर्णाचा.

आमचं गाव मुळा नदीच्या खोऱ्यात, दोन डोंगररांगांच्या मध्ये. डोंगर तापले की दुपारी वारा नदीच्या खालच्या अंगानं वर यायचा आणि रात्री गार होऊन माघारी उतरायचा. बन्सीला तो आपल्या दावणीचाच वाटे.

शाळेतले शामकांत मास्तर हसायचे. "बन्सीराव, आभाळ शांत आहे तोवरच खोऱ्याचं राज्य. दूर कुठं हवा बिघडली की मोठा वारा डोंगर ओलांडून खोऱ्यात शिरतो. मग तुमच्या वाऱ्याला विचारतं कोण?"

"मास्तर, तुमचा वारा फळ्यावरला. आमचा खळ्यावरला हाय."

सन अठ्ठेचाळीसचा फाल्गुन. बन्सीनं नारळ फोडला, माझ्या पायांना कुंकू लावलं. त्यांच्या घरची रीत अशी, की कुंकू लागलेली वावडी रास पुरी होईस्तोवर हलवायची नाही. हलली तर लक्ष्मी हलते.

दोन दिवस उपणणी झाली. तिसऱ्या दुपारी नेहमीचा वारा आलाच नाही. बन्सी पाटी धरून ताटकळला. मग वारा सुटला तो उलटा, वरच्या खिंडीतून! आभाळात ढग तिरपे चालले होते, पण खाली दोन्ही डोंगरांनी तोच वारा धरून सरळ नदीच्या वाटेनं वळवला होता. भुसाचा ढीग उठला आणि निवडलेल्या दाण्यांवर येऊन बसला. बन्सीच्या मिशाही भुसानं भरल्या. खिंडीवर आभाळ काळंभोर झालेलं. वर्षाची भाकर उघड्यावर पडली होती.

"अवो, वावडी पलीकडं न्या!"

"कुंकू लागलंय तिला."

"मग वरीसभर कुंकवाचीच भाकर करू व्हय? उतरा खाली!"

बन्सी उतरेना. डोळे मिटून खंडोबाला वारा फिरवायला सांगू लागला. 'वारा पाहून पाठ फिरवावी' हे गावाला शिकवणारा हाच बरं का! मनकर्णानं पदर खोचला आणि मला गदागदा हलवलं. खंडोबाला तिथंच सोडून बन्सीनं उडी मारली. तिनं मला ओढत भुसाच्या पलीकडं, वाऱ्याच्या तोंडाशी नेलं. खरं सांगते, मीही घाबरले होते. कुंकू माझ्याच पायांना होतं ना!

पण बन्सी पुन्हा माझ्या माथ्यावर चढला आणि तो दांडगा वारा चौपट कामाचा निघाला. शेवटचं पोतं घरात गेलं आणि अंगणात गारा पडल्या.

त्या ओढाओढीत माझा एक पाय खिळखिळा झाला आणि रास पुरी होताच निखळला. आता मी पडवीत भिंतीला टेकून असते. बन्सी येईल त्याला सांगतो, "देवीची मर्जी! वावडी आपसूक फिरली." पाहुणे मला हात जोडतात.

बाबांनो, लाकूड कधी चालतं का? हात जोडायचेच असतील तर जरा चुलीकडं वळा. मनकर्णा तिथं तुमच्यासाठी त्याच ज्वारीच्या भाकरी थापतेय.