तांदूळ बाहेरून येत नाही

शालूला मिळालेलं काम कडेवर पोर असलेल्या बाईसाठीच कुणीतरी शोधून काढलं असावं. भंडारा जिल्ह्यात कोणता धंदा कोणाकडून काय घेतो, कोणाला काय देतो, त्याचा तक्ता करायचा. पण विचारायला कुणाच्या दारात जायचं नाही. देशाचा मोठा तक्ता तयारच असतो. जिल्ह्यात त्या त्या धंद्यात किती हात आहेत ते बघायचं आणि बापाच्या जुन्या सदऱ्यातून बाळाचं झबलं बेतावं तसा तो छाटायचा. नागपूरच्या संस्थेने सोमवारची मुदत दिली होती. ती चुकली की पुढचं काम दुसऱ्याला. आणि आंधळगावात घरी बसून करता येईल असं काम काही झाडाला लागत नव्हतं.

नियम साधा होता. जे जिल्ह्यात मुबलक, ते बाहेरून येत नाही. शालूने तांदळापुढे आवक शून्य लिहिली.

शून्य लिहून ती उठली, तर सासूबाई, देवकाबाई, हर्षाताईसाठी तांदळाचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, बाजूला काढायला सांगत होत्या. हर्षाताई शालूची नणंद, नदीपलीकडे तिरोड्याजवळ दिलेली, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात. दरसाल धान भरडून झालं की ती सासरचा एक कट्टा घेऊन यायची, दोन दिवस राहायची आणि माहेरचा एक घेऊन जायची.

"आई, त्यांच्याकडेही तांदूळ, आपल्याकडेही तांदूळ," शालू हसत म्हणाली. "बसमधून दोन कट्टे कायले फिरवायचे? याच्यातून तो वजा करून टाका."

"खरंच वो, माया ध्यानातच नाई आलं," म्हणत देवकाबाईंनी लगेच फोन लावला. "हर्षा, तांदूळ आनू नोको. शालूच्या कंपुटरात हिसाब बसला."

शनिवारी हर्षाताई येईल, कडेवरच्या चिमीला उचलेल आणि आपले दोन्ही हात मोकळे होतील, असा शालूचा बेत होता. दुपार झाली तरी हर्षाताईचा पत्ता नाही. मोतीबिंदू काढल्यापासून देवकाबाईंना वजन उचलायची मनाई. नवरा राजकुमार दुकानावर. चिमीने आधी चार्जरची वायर चघळली, मग मांडीवर चढून शेतीचा अख्खा रकाना पुसला आणि आईकडे बघून दोनच दात दाखवत हसली. रागवायचं तरी कुणावर? शालूने तिचा ओला गाल पुसला आणि फोन घेतला.

"ताई, आल्या काहून नाई?"

"कायची येतो माय! सासू म्हणते, तांदूळ न्याचा नाई तं जाचं कायले? तूच तं वजा केलं मले."

"तुम्हाले नाई ताई, तांदळाले..."

"तांदळासंगंच येत होती ना मी!"

शालूने चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "फोन मामीले द्या." हर्षाताईची सासू, गोदावरीबाई, फोनवर आली.

"मामी, चिमीले आमचा तांदूळ पचतच नाही हो. तुमच्याकडचाच पाहिजे."

चिमीने सकाळीच आंधळगावच्या तांदळाची पेज वाटी चाटूनपुसून खाल्ली होती.

"नाईच पचनार!" गोदावरीबाईचा आवाज फुलला. "तुमचा तांदूळ नुसता दिसाले गोरा. उद्याच धाडतो हर्षाले. दोन कट्टे धाडू का?"

"एकच. पण ताईले दोन दिवस राहू द्या, पेज कराची रीत दाखवाले."

हे ऐकून देवकाबाईंनी शालूशी बोलणंच टाकलं. सुनेने घरच्या तांदळाची बदनामी केली, तीही दुसऱ्या जिल्ह्यात!

रविवारी सकाळी हर्षाताई कट्ट्यासकट उतरली. चिमी तिच्या खांद्यावर जी चिकटली ती सोमवारी तक्ता नागपूरला रवाना होईपर्यंत. त्या वेळी चुलीवर तिरोड्याकडची पेज रटरटत होती.

"याच्यात माया कट्टा कुठं हाय?" पडद्यावरच्या तक्त्यात डोकावत हर्षाताईने विचारलं.

शालूने शून्यावर बोट ठेवलं. "तांदूळ बाहेरून येत नाही, असं लिहिलं."

"मंग पुढच्या साली आनू का नोको?"

"आणा ताई. तुमी आल्याशिवाय हे लिहिता कुठं येते?"

देवकाबाई अजून घुश्शातच होत्या, पण जायच्या कट्ट्याचं तोंड त्यांनी स्वतः शिवलं. "गोदावरीले सांग," त्या मुलीला म्हणाल्या, "शिजवून पाह्य म्हना आमचाबी." शालूने कट्ट्याचा एक कान धरला, राजकुमारने दुसरा, आणि भंडाऱ्याचा तांदूळ बसस्टॉपकडे निघाला.