पाय निघाला नाही

नाटक बसवणाऱ्या बाईंचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते आणि म्हाताऱ्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. पोटासाठी घर सोडून जाणाऱ्यांवर त्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं. त्यावरून आता काही तरुण मंडळी चित्रं काढत होती, नाटक बसवत होती. बाईंनी एवढंच विचारलं होतं, ‘पुस्तकात तुमचे वडील कामासाठी परगावी जातात आणि आई सासूसासऱ्यांसाठी मागे राहते. ती पुढे कधी वडिलांकडे गेली का? शेवट कसा करू?’

उत्तर एका शब्दाचं होतं. तेच लिहवत नव्हतं.

घरात तर पुन्हा तीच बांधाबांध चालली होती. मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि बॅग भरली जात होती ती त्याच्या एकट्याची. म्हाताऱ्याच्या बहिणीने निकाल देऊनच टाकला होता.

“सून गेली तर दादाला पाणी कोण देणार? आमच्या आईने जन्म काढलाच की इथे. पाय निघाला नाही तिचा उंबऱ्यातून.”

वाक्य म्हाताऱ्याच्याच पुस्तकातलं. त्याने मान खाली घातली. सून नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत राहिली.

नाटकाला चौघंही गेली. सभागृहाबाहेर चित्रं मांडली होती. एकात दारात उभी बाई होती. सून वाकून बघू लागली.

“बाबा, हिला पाय नाहीत.”

“असतील गं. माझा चष्माच...”

“नाहीत. घोट्याखाली उंबऱ्याचंच लाकूड आहे. मग पाय निघणार कुठून?”

“गप बस,” आत्या म्हणाली. “कला असते ती.”

“हो ना आत्या. आता मीही कलेतच जमा.”

नाटकात आईचं काम करणारी मुलगी पहिल्यापासून दाराच्या चौकटीत उभी होती. बाकीचे आले, गेले, गाठोडी बांधली, सोडली. शेवट असा नव्हताच, नुसते दिवे मालवले. ते पुन्हा लागले तेव्हा सगळे पुढे आले, ती मात्र हलेना. पाय बधिर झाले होते. दोघांनी बखोटीला धरून तिला आणलं. लोकांना वाटलं, हेही नाटकच. टाळ्या वाढल्या.

म्हाताऱ्याचे हात मांडीवरच राहिले. “या खेपेला जाऊ का?” असं आई आजीला विचारायची. “जाशील की, घाई काय आहे?” आजी म्हणायची. लहानपणी हे त्याने कितीदा ऐकलं होतं. लिहिताना मात्र पाय निघाला नाही असं लिहिलं. वाचायला ते बरं वाटत होतं.

घरी येताच तो बहिणीला म्हणाला, “सून जाईल त्याच्याबरोबर.”

“आणि तुझं कोण करणार?”

“अंडं उकडता येतं मला.”

“अंड्यावर म्हातारपण निघतं का? लोक म्हणतील, पोराने बापाला टाकलं.”

“म्हणू देत. आईला टाकलं होतं, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.”

“पण बाबा...” मुलगा मध्ये बोलला.

“तू तिला विचारलंस?” म्हातारा सुनेकडे वळला. “तुला जायचंय का?”

“जायचंय,” ती म्हणाली. मग कपाटाकडे जात, “तुमच्या गोळ्या कुठे ठेवते, ते तरी बघून घ्या.”

त्यांची गाडी सुटली त्या दुपारी घर फार मोठं वाटत होतं. चहा उतू गेला. म्हाताऱ्याने दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं, ‘नाही, आई गेली नाही. तिला जाऊ दिलं नाही. पाय निघाला नाही, हे वाक्य माझं आहे, तिचं नव्हे. नाटकातून काढून टाकावं.’

टपालपेटीपाशी तो घुटमळला. एखादा शब्द चुकला असेल, असं वाटत राहिलं. मग त्याने पाकीट आत सोडलं.