डवऱ्याच्या टोकाशी नवा तारा

अकोला जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या देवमन गवईने हाताने आरसा घासून दुर्बीण केली, त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्याच्या बायकोने, बेबीताईने, तिच्यातून एकदाही पाहिलं नव्हतं. तिला कुणी मना केलं होतं अशातला भाग नाही. तिच्याकडे काम दुसरं होतं. देवमन नळीला डोळा लावून ताऱ्याच्या तेजाचे आकडे सांगायचा आणि ती, डोळे दिपू नयेत म्हणून कंदिलाला लाल फडकं गुंडाळून, ते वहीत उतरवून घ्यायची.

तो पाहायचा एकच तारा. हंस नावाच्या तारकासमूहातला, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा. महिना-दीड महिना मिणमिणत पडून राहायचा आणि मग एक-दोन दिवसांत तीस-चाळीस पट उजळायचा. आठवडाभर मिरवायचा आणि पुन्हा होता तसा. हे कधी होईल याचा नेम नव्हता, म्हणून शास्त्रज्ञांना अशा ताऱ्यांवर रोज नजर ठेवणारी माणसं हवी असत. देवमन दर महिन्याला आकड्यांचा कागद हैदराबादच्या वेधशाळेत पाठवायचा. तिकडून छापील पोच यायची. कधी तीही नाही.

"तथी तारा एक नाई, दोन हायेत," पहिल्याच वर्षी त्याने तिला सांगितलं होतं. "एक मेलेला. आकारानं पृथ्वीएवढा, वजनानं सूर्याएवढा. त्याचा चमचाभर माल इथी आनला तं बैलगाडी मोडून जाईन. दुसरा जित्ता, त्याच्या अगदी जवळ. मेलेला त्या जित्त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेते. तो वायू भवताली चकरा मारत साचते, साचून साचून तापते, आन् मंग उजेड वाढते."

"मेला तरी खानं सोडत नाई म्हना," बेबीताई म्हणाली होती, आणि दोघंही हसत सुटली होती.

लिहायचं काम क्षणाचं असायचं आणि वाट पाहणं तासाचं. तेवढा वेळ बेबीताई करणार काय? ती चटईवर मान मागे टाकून वर पाहत बसायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण सहा वर्षं रोज पाहून पाहून आभाळ तिला आपल्या गल्लीसारखं पाठ झालं होतं. हंस तिला कधी हंसासारखा दिसला नाही. तो तिच्या लेखी डवरा होता: लांब दांडी, आडवी पट्टी, आणि रुमण्याच्या, म्हणजे मुठीच्या, टोकाला एक ठसठशीत तारा. कपाशीतलं तण काढायला बाप बैलांमागे जो धरायचा, अगदी तसा.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या ऑगस्टातला शेवटचा शुक्रवार होता. पोळा आठ दिवसांवर आला होता. दुपारी पाऊस पडून गेला आणि संध्याकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं निघालं. आठच्या सुमारास जेवणं उरकून दोघं अंगणात बसली. देवमनने नळी ईशान्येकडे वळवली आणि तो खाली वाकला.

बेबीताईने वर पाहिलं आणि तिची नजर अडकली. डवऱ्याच्या टोकापासून हात लांब करून तीन बोटं खाली एक तारा होता. तिथं तारा नसतो.

"अवो," ती म्हणाली, "हा कोनता व्हय?"

"थांब जरा. आकडा येऊन राह्यला."

"आकडा राहू द्या. डवऱ्याच्या खाली एक जास्तीचा हाये."

"इमान असंन," नळीवरचा डोळा न काढता देवमन म्हणाला.

"हालत नाई."

"मंग गुरू असंन."

"गुरू अथी येतच नाई. तुमीच तं सांगतलं."

आता मात्र त्याने मान वर केली. तो उठला. मग घरात जाऊन ताऱ्यांच्या नकाशाचं पुस्तक घेऊन आला, कंदिलापाशी उकिडवा बसला, पुस्तकात पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं. नकाशात ती जागा रिकामी होती.

"काल होता का हा?"

"काल ढग होते. परवा नव्हता."

"पक्कं?"

"माह्या घरात नवा पाव्हना येऊन बसला तं मले कळनार नाई का?"

देवमन चटईवर बसला. "बेबी," तो हळूच म्हणाला, "मी याच्या बाजूलेच डोया लावून बसलो होतो. बसल्यापासून." आणि मग तो इतका हसला की दुर्बिणीची तिपाई हलली. नळीत हरभऱ्याएवढं आभाळ दिसतं आणि त्याच्या बाहेरचं काही दिसत नाही, हे तो पोरांना दरवर्षी शिकवायचा.

हसू ओसरल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं. तारा किती तेजस्वी, हे त्याने तिलाच विचारलं. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि म्हणाली, "रुमन्याच्या ताऱ्याहून लय फिका. आडव्या पट्टीच्या खालच्या टोकाएवढा. तेवढाच." देवमनने पुस्तकात त्या टोकाच्या ताऱ्याचा आकडा पाहिला आणि वही स्वतःकडे ओढून तो लिहिला.

"हा बी मेल्या-जित्त्याचाच खेळ असंन," तो म्हणाला. "पन इथी साचलेला वायू मेल्या ताऱ्याच्या अंगावर पडते. थरावर थर. हजारो वर्सं. मंग एक दिवस त्या थराचा एकदमच भडका उडते."

"आन् तारा?"

"तारा तसाच राह्यते. वरचा थर तेवढा उडून जाते. मंग पुन्हा साचवाले लागते."

"दुधासारखं," बेबीताई म्हणाली. "उतू गेलं तरी भांडं चुलीवरच राह्यते."

देवमनने तिच्याकडे पाहिलं. नववीच्या वर्गाला हे समजावताना त्याचे दोन तास जायचे.

शनिवारी सकाळी तो तारघरात गेला. वेधशाळेला कळवायचं तर तारेनेच, नाहीतर पत्र पोहोचेपर्यंत तारा विझायचा. तारमास्तर किसनसिंग राठोड हा जवळच्या तांड्यावरचा, नियमाने चालणारा माणूस. त्याने फॉर्म वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. आणीबाणी लागून दोन महिने झाले होते. मजकुरात हंस होता, नवा तारा होता, आणि पुढे नुसते आकडेच आकडे.

"गुरुजी, हे काय व्हय?"

"ताऱ्याचा पत्ता. आभाळातला."

"आभाळातला पत्ता," किसनसिंग सावकाश म्हणाला. "मले वरून हुकूम हाये. गुपित भाषेतली तार घ्याची नाई. उद्या साहेबानं इचारलं हा हंस कोन, तं मी काय सांगू?"

देवमनने पुस्तक दाखवलं, शाळेचं नाव सांगितलं, वेधशाळेची पोच दाखवली. किसनसिंग वाईट माणूस नव्हता, पण आकड्यांकडे पाहून तो बिचकत होता. हिरमुसलेला देवमन घरी आला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकर तव्यावर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "त्यायले जेवाले बोलवा. डोयानं पाह्यतीन तं मंग घेतीन."

त्याच संध्याकाळी किसनसिंग सायकलवर आला तेव्हा आभाळ गच्च भरलं होतं. जेवणं झाली. वरणात लसणाची फोडणी होती, ठेचा होता. किसनसिंगने दोनदा भाकर मागून घेतली आणि जेवणाचं मनापासून कौतुक केलं. पण ताऱ्याचा पत्ता नव्हता. नवाच्या सुमारास तो पायात चपला घालत होता, तेवढ्यात वारा सुटला आणि ईशान्येला ढग फाटले.

"तारबाबू, इकडे या," बेबीताईने हाक मारली. "हा डवरा. दिसला? ही दांडी, ही पट्टी, हे रुमनं. आता खाली पाहा."

देवमननेही वर पाहिलं. कालचा तारा राहिलाच नव्हता. तो फुगून रुमण्याच्या ताऱ्याच्या जवळपास पोचला होता.

किसनसिंगने लहानपणी बापासोबत बैल घेऊन चांदण्यात वाटा तुडवल्या होत्या. डवरा त्याला लगेच सापडला. तो पाहत राहिला.

"हा नव्हता," तो शेवटी म्हणाला. "म्या लय पाह्यलं हे आभाळ. हा इथी नव्हता."

"नव्हताच," बेबीताई म्हणाली. "कालपासून आला. काल बारीक होता."

"एवढा मोठा भडका उडाला आन् आवाज नाई?"

"तिथून उजेड निघाला त्याले काही हजार वर्सं झाली," देवमन म्हणाला. "आपल्यापाशी काल पोचला."

किसनसिंगने खिशातून सकाळचा फॉर्म काढला. तो त्याने सोबतच आणला होता. "साहेबानं इचारलं तं त्यायले बी इथीच जेवाले आनतो," तो म्हणाला. "आजचा आकडा टाका. अकोल्याची लाइन चालू हाये."

कंदिलापाशी बसून देवमनने कालच्या आकड्याखाली आजचा लिहिला. मग पाठवणाऱ्याच्या जागी असलेलं आपलं नाव खोडलं आणि बायकोचं लिहिलं.

"माह्यं कायले?" बेबीताई म्हणाली.

"पाह्यलं कोनं?"

तिने कंदील त्याच्या कागदाजवळ सरकवला.

उलट तार मंगळवारी आली. ती द्यायला किसनसिंग स्वतः आला आणि त्याने दारातच वाचून दाखवली. तारा खरा होता. जपानमधल्या एका माणसाने तो त्याच शुक्रवारी, बेबीताईच्या काही तास आधी पाहिला होता, आणि जगभरातून शेकडो लोकांनी कळवलं होतं. पण शुक्रवारी तारा चढत असतानाचे आकडे फार थोड्या ठिकाणांहून आले होते. श्रीमती गवई यांनी रोज पाहून कळवत राहावं.

जपानचं ऐकून देवमनचा चेहरा जरासा उतरला. बेबीताईचा मात्र उजळला.

"म्हनजे त्या दिवशी शेकडो मानसं आपल्यासारखी अंगनात बसून वर पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "आपल्याले वाटे, आपन दोघंच येडे."

पोळ्याच्या दिवशी बैल सजून निघाले तोवर तारा इतका फिका पडला होता, की त्या रात्री तो जेमतेम सापडला. पुढच्या आठवड्यात नुसत्या डोळ्यांना दिसेना. आता आकडा घ्यायचा तर नळीतूनच. देवमन नेहमीच्या जागी बसायला गेला आणि थांबला.

"तारेत नाव तुह्यं हाये," तो म्हणाला. "बस."

बेबीताईने पदर खोचला आणि नळीला डोळा लावला. आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग तारे दिसले, मुठीने तांदूळ फेकावेत तसे, जिथं तिने सहा वर्षं काळोख पाहिला होता तिथं. ती तशीच वाकून राहिली. देवमन वही घेऊन वाट पाहत बसला.

"सांग ना आकडा."

"थांबा जरा," ती म्हणाली. "येऊन राह्यला."

त्या हिवाळ्यात तिने साठच्या वर नोंदी केल्या. पुढे वेधशाळेतून सत्यवती नावाच्या संशोधक बाई एसटीने आल्या आणि दोन दिवस राहिल्या. त्यांनी नव्या ताऱ्याची वही पाहिलीच, पण जुन्या सहा वर्षांच्या वह्याही उतरवून नेल्या. असे मेलेले तारे कसे साचवतात आणि कधी भडकतात, यावरच त्यांचं काम चाललं होतं. अशी सलग नोंद त्यांना कुठे मिळत नव्हती. देवमन त्या दोन दिवसांत जमिनीवर चालत नव्हता.

फेब्रुवारीत सत्यवतीबाईंनी नव्या ताऱ्याच्या तेजाचा एक छापील आलेख पाठवला. वर चढणारी आणि मग घसरत जाणारी ठिपक्यांची रेघ. चढणीवर एका ठिपक्याभोवती शाईने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: हा तुमचा, शुक्रवारचा.

रविवारी बेबीताई तो कागद घेऊन एसटीने मेडशीला माहेरी गेली. तिची आई विमलबाई खळ्यात तूर उफणत होती. तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि कागद लांब धरून पाहिला. बेबीताईने गोलातला ठिपका बोटाने दाखवला.

"हा एवढासा?"

"एवढासाच."

"आन् बाकीचे कोनाचे?"

"जगातल्या लोकायचे. कोनी जपानचा, कोनी कुठला."

विमलबाईने कागद पुन्हा नीट पाहिला. मग खळ्यातल्या बायांना हाक मारून बोलावलं आणि लेकीला म्हणाली, "बस इथी सावलीत. यायले बी सांग पहिल्यापासून."

बाया कामं टाकून जमल्या. बेबीताईने मातीवर काडीने डवरा काढला आणि सांगायला लागली.