बंदिस्त मैदानाबाहेरचा खांब

मी खांब बोलतोय. विजेचा नव्हे, मांडवाचा नव्हे, आणि म्हैस बांधायचा तर मुळीच नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अलीकडे लोक मला काहीही समजतात. परवा एका भल्या माणसाने माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि खुशाल फोनवर बोलत उभा राहिला. मी खो-खोचा खांब आहे. छातीएवढा उंच, गोल, गुळगुळीत. म्हणजे एकेकाळी गुळगुळीत होतो.

नाशकात जुन्या भाजीबाजाराच्या मागे आज ते भलंमोठं काचेचं क्रीडासंकुल दिसतं ना, तिथे आधी मोकळं मैदान होतं. माझा सगळा उमेदीचा काळ त्या मैदानात गेला.

खो-खोला दोन खांब लागतात, दोन टोकांना. दुसरा माझा भाऊ. पेठच्या जंगलातून आलेल्या एकाच सागाच्या ओंडक्यातून हिरामण सुताराने आम्हा दोघांना काढलं. रंधा मारला, काचपेपर घासला आणि मग डोळे मिटून आमच्या अंगावर स्वतःचा गाल फिरवला. "पोरींच्या हाताला काचता कामा नये," म्हणाला.

मग आम्हाला समोरासमोर पुरलं. सख्खे भाऊ असून जन्मभर लांबूनच एकमेकांकडे बघत राहिलो. पण त्याचं काही वाटायचं नाही. मध्ये पोरी धावत असायच्या. त्याला हात घालून वळलेली पोर सुसाट माझ्याकडे यायची, मला धरून गर्रकन फिरायची आणि पुन्हा त्याच्याकडे जायची. त्याची ख्यालीखुशाली मला तिच्या घामट तळहातातून कळायची.

या पोरी तेजस्विनीच्या. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की स्कूटी थेट मैदानात आणायची, ओढणी कमरेला बांधायची, फक्कीने पांढऱ्या रेघा मारायची आणि शिट्टी तोंडात धरायची. बाजारातल्या, गल्लीतल्या, पलीकडच्या कॉलनीतल्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या. एक रुपया घेत नव्हती.

आणि मैदानासमोरच मालनबाईचा ओटा. पन्नाशी ओलांडलेली बाई, हातात कायम मेथीची नाहीतर शेपूची जुडी. भाजी निवडायचं निमित्त. खरं लक्ष मैदानावर. कुणाची पोर आज आली नाही, कुणाच्या बापाने नवी गाडी घेतली, सगळी नोंद तिच्या डोक्यात. "तेजू, तो पिंपळगावचा पाहुणा काय म्हणाला गं?" असं ती रस्त्यापलीकडून ओरडायची, आणि तेजस्विनी जोरात शिट्टी वाजवून उत्तर टाळायची. दुसऱ्यांचं ऐकत बसायची खोड मलाही मालनबाईमुळेच लागली असावी.

एक दिवस मैदानाच्या कडेला फलक लागला. 'बंदिस्त क्रीडासंकुलाची नियोजित जागा.' त्या संध्याकाळी ओट्यावर जे भांडण झालं ते मी शब्द न् शब्द ऐकलं.

"आपल्याकडं नळाला पाणी येतं करंगळीएवढं," मालनबाई म्हणाली. "तुमच्या शाळेत पावसाळ्यात वर्गात बादल्या ठेवता म्हणून तूच सांगती. आणि ह्यांना करोडो रुपये घालून मैदानावर छप्पर टाकायचंय? मैदानानं कधी छप्पर मागितलं होतं का?"

"काकू, आता सगळ्या मॅच मॅटवर होतात," तेजस्विनी म्हणाली. "आपल्या पोरी मातीत शिकतात आणि तिथे जाऊन घसरतात. आणि दुसरं सांगू? पोरी खेळायला यायच्या आधी पाणी पीत नाहीत. इथे जायला जागा नाही म्हणून दुपारपासून घसा कोरडा ठेवतात. संकुलात बाथरूम असणार, कपडे बदलायला खोली असणार."

 

"बाथरूमचं बरोबर हाय तुझं," मालनबाई म्हणाली. "पण हे बंदिस्त म्हणजे काय?"

"इनडोअर हो काकू. चारी बाजूंनी भिंती."

"बंदिस्त मैदान? अगं, बंदिस्त असतो तो गोठा. नायतर कपाट."

तेजस्विनी हसली. मला मात्र दोघींचंही पटलं होतं. लाकूड असण्याचा हा एक फायदा, कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

आमच्या खेळात एक नियम आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही. मोठमोठ्या बांधकामांचंही तसंच असावं. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेत खांब कुणी पुरलेला नसतो.

जेसीबी आला. आम्हा भावांना उपटून एका शेडमध्ये टाकलं आणि संकुल उभं राहिल्यावर त्याच्याच जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं. अंगाला अंग लावून. जन्मात पहिल्यांदा आम्ही शेजारी आलो आणि एकमेकांशी बोलायला काही सापडेना. मध्ये कुणी धावतच नव्हतं, निरोप आणणार कोण?

उद्घाटन थाटात झालं. तेजस्विनीच्या पोरींनी पाहुण्यांना ओवाळलं, थोडं खेळून दाखवलं, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली तर काउंटरवर तासाचं भाडं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, बहुधा ऐकण्यात चूक झाली असं तिला वाटलं. मग अर्ज केला, सवलत मागितली, साहेब रजेवर होते, साहेब बदलले. तोवर आत साड्यांचा महासेल लागला. मग शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन, मग कुणाचा तरी साखरपुडा. प्रत्येक वेळी मॅट गुंडाळून आमच्याच खोलीत आणून टाकायचे. बिचारी नवीकोरी होती. तिच्या अंगाला रबराचा वास यायचा, पायांचा नाही.

खोटं कशाला बोलू, एकदा मात्र तिचं सोनं झालं. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ आले, दोन दिवस स्पर्धा झाली. जिना हादरत होता. पोरींच्या ओरडण्याने आमच्या खोलीचं दार थरथरत होतं. शेजारच्या बाथरूममध्ये एक पोर आईला फोनवर सांगत होती, "आई, इथं नळाला पाणी लय जोरात येतं! मी दोनदा तोंड धुतलं." त्या दोन दिवसांत मला वाटलं, नाही, पैसा वाया गेलेला नाही. तेजस्विनीचं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी कुलूप लागलं. ते बाथरूमलाही लागलं.

मग एकदा खोली रिकामी करायची ठरली. आम्ही दोघे, मोडक्या खुर्च्या आणि पत्र्याचे तुकडे भंगारच्या टेम्पोत गेलो. टेम्पो फकिराचा. गेटबाहेर वळला आणि ओट्यावरून ओळखीची हाक आली.

"ए फकिरा! थांब! ते काय नेतोयस?"

"भंगार हाय काकू."

"भंगार तुझ्या नजरेत पडलंय. हे आमच्या तेजूचे खांब हायेत."

"जळणाला बरे हायेत, म्हणून घेतले."

"तुझ्या हाडांचं जळण करीन. उतरव खाली!"

फकिरा भला माणूस, पण फुकट कसा देणार? शेवटी मालनबाईच्या गच्चीवरचा गंजलेला कूलर टेम्पोत गेला आणि आम्ही भाऊ तिच्या जिन्याखाली आलो, कांद्याच्या गोणीशेजारी. संध्याकाळी तेजस्विनी आली. आमच्यापुढे उकिडवी बसली, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि मग रडली. मालनबाई तिला "रडू नको" म्हणाली नाही. "चहात साखर कमी पडली का बघ," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून माझं असं चाललंय. संकुलाच्या मागे गाड्या लावायला मुरमाची मोकळी जागा ठेवलीय. संकुलच बंद, त्यामुळे गाड्या कुठून येणार? तिथला राखणदार सोमनाथ देवळ्याचा. त्याची स्वतःची पोर गावाकडे खो-खो खेळते, म्हणून तो कानाडोळा करतो. तिथे दोन खड्डे केलेत. रोज संध्याकाळी पोरी आम्हाला मालनबाईच्या जिन्याखालून उचलून नेतात, रोवतात, अंधार पडला की उपटून परत आणतात. मालनबाईही जुडी घेऊन मागोमाग येते आणि कडेला बसते. आत कार्यक्रम असला की तेही नाही. जागा अपुरी, म्हणून भाऊ पूर्वीपेक्षा जवळ आलाय. मुरमाने पोरींचे गुडघे सोलवटतात, ते रक्त मला लागतं. रोजच्या उपटण्या-रोवण्याने माझं खालचं टोक कुजत चाललंय. तक्रार नाही, पण थकलोय. उभं राहायला एक कायमची जागा लागते हो. माणसालाही आणि खांबालाही.

आणि पोरीही कमी झाल्या. मैदान गेल्यावर कुणी ट्यूशनला गेल्या, कुणाच्या घरी "ते बंद झालं ना?" असं ठरून गेलं. या वर्षी उरल्या आठ. खेळायला नऊ लागतात. आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसतात आणि नववी पाठलाग करते. स्पर्धेची नावं द्यायची वेळ आली.

"नऊ झाल्या नाहीत तर नावच देता येणार नाही, काकू," तेजस्विनी परवा म्हणाली.  "आणि यंदा उतरलो नाही तर या आठही जातील. मग मीही सोडून देईन. मीच म्हणाले होते ना, संकुल होऊ द्या म्हणून."

मालनबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. तिला टोमणा मारायची याहून चांगली संधी कधी मिळाली नसती. मी वाट बघत होतो.

"सरावाला तरी नववी पाहिजे ना? मी बसते," ती म्हणाली.

पोरी फिदीफिदी हसल्या. "आजी, तुम्ही?" साक्षी म्हणाली. ही साक्षी त्यांच्यातली सगळ्यात चपळ.

"आजी कुणाला म्हणती गं? मी नुसती बसणार. मला खो द्यायचा नाय, आधीच सांगते. माझ्या गुडघ्याचा इलाज चालू हाय."

पदर खोचला, हाश्श हुश्श करत ती माझ्याजवळच्या शेवटच्या चौकोनात बसली. आता या खेळातलं मर्म सांगतो. बसलेल्याने आपणहून उठायचं नसतं. धावणारी मागून येते, पाठीला हात लावते, मोठ्याने 'खो' म्हणते, तेव्हाच उठायचं. कितीही पायात ताकद असली तरी तोवर बसून राहायचं.

एकीला पळायला सोडलं, एक चौकोन रिकामा ठेवला आणि खेळ सुरू झाला. साक्षी भरात होती. पुढची पोर निसटतेय असं दिसताच ती सवयीने शेवटच्या चौकोनामागे आली, समोर कोण बसलंय ते न बघता पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

मालनबाई उठली.

कशी उठली ते तिलाही सांगता येणार नाही. उठली आणि धावली. चप्पल एकीकडे, पिन दुसरीकडे. वळायला तिने मला हात घातला, आणि इतकी वर्षं ओट्यावरून मला बघणाऱ्या त्या बाईचा तळहात मला पहिल्यांदा लागला. मेथीचा आणि लसणाचा वास होता त्याला. पलीकडची पोर हसून हसून जागीच थांबली आणि मालनबाईने तिचा दंड पकडला. "आउट! तेजू, आउट हाय का नाय? शिट्टी वाजव!"

तेजस्विनीने शिट्टी तोंडात धरली, पण वाजेना. ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी.

मालनबाई मला टेकून धापा टाकत उभी राहिली. समोर संकुलाची मागची बाजू. काचांवर धूळ, दाराला कुलूप. तिने तिकडे बोट केलं.

"एवढं थोरलं बसलंय," ती म्हणाली, "ह्याला कुणी खो दिलाच नाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी हर्षाली परत आली. ट्यूशनला गेलेल्यांपैकी ही एक. "मालनकाकू पळते तर तुला काय धाड भरलीय, असं आई म्हणाली," तिने सांगितलं. नऊ झाल्या. तेजस्विनीने नावं दिली. मालनबाई पुन्हा कडेला जुडी घेऊन बसली, गुडघ्याला लेप लावून, आणि आता दहापट जोरात सूचना करते.

लोक मला टेकून वाद घालतात, संकुलावर एवढा पैसा घालायला हवा होता की नको. मला विचाराल तर ते पाडा असं मी म्हणणार नाही. ते बाथरूम चांगलं आहे. ती मॅटही चांगली आहे. ज्यांच्या आईबापांच्या पैशांतून ते झालं त्या पोरी मात्र त्याच्या मागच्या मुरमावर गुडघे सोलून घेताहेत, एवढंच माझं दुखणं आहे.

माझे फार दिवस उरले नाहीत. टोक कुजलंय, एखाद्या संध्याकाळी मोडेन. त्याचं दुःख नाही. आत लोखंडाचे चकचकीत खांब आहेत म्हणे, त्यांनाही एखाद्या पोरीचा घामट हात लागू दे.

म्हणून एकच मागणं. ते संकुल आपणहून उठायचं नाही, त्याला नियम माहीत आहे. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्या मागे या. एकट्याने नको, नऊ जण या. त्याच्या पाठीवर थाप मारा आणि अख्ख्या नाशकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा, खो!