अर्धा आटा

कांताने बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. मीटरवर दोन लाखांहून जास्त किलोमीटर पडले, आणि एवढं फिरून ती पोहोचली कुठे, तर शहाडहून बिर्ला कॉलेजपर्यंत. व्हॅन भंगारात गेली तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. घरच्यांना वाटलं, बाई आता सुखाने घरी बसेल. बाई गेली आणि एक जुनी डिझेलची जीप घेऊन आली.

"लडाखला जायचंय," तिने मुलीला सांगितलं. "साडेसतरा हजार फुटांवर. आणि मागे बसून नाही, स्वतः चालवत."

"आई, तू कसाऱ्याच्या पुढे तरी गेलीयेस का कधी?" पायलने विचारलं.

"नाही गेले, म्हणूनच जायचंय ना!"

जीप तयार करायचं काम राजरत्नकडे आलं. शहाड स्टेशनजवळच्या गॅरेजात त्याने पंधरा वर्षं तिची व्हॅन जगवलेली. चार महिने तो जीपखाली झोपून होता आणि कांता शेजारी उलट्या क्रेटवर बसून प्रत्येक नटामागे "का?" विचारत होती. त्याने रेडिएटरमध्ये सवयीने नळाचं पाणी ओतायला घेतलं, तेव्हा तिने त्याचा हात धरला. वर पाणी गोठतं, इंजिन तडकेल, कूलंट टाक म्हणाली. हे ज्ञान तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलं होतं. राजरत्नला ते मुळीच आवडलं नाही, पण खरं होतं, त्यामुळे त्याचा नाइलाज झाला. मग नवे पट्टे आले, नवे पाइप आले, थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून नवे हीटर प्लग आले.

शेवटी राहिला डिझेलच्या पंपावरचा स्क्रू. वर हवा विरळ. इंजिनला हवा मिळणार निम्मी आणि डिझेल मात्र पूर्ण, म्हणजे नुसता काळा धूर ओकणार आणि तापणार. तेव्हा डिझेल आधीच कमी करायचं. राजरत्नने स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. तो कंपनाने हलला तर कळावं म्हणून कांताने पायलचं लाल नेलपॉलिश आणून स्क्रू आणि नट यांवरून एक सरळ रेघ ओढली.

राजरत्न मुरबाड रोडवर एक चक्कर मारून आला तो तोंड पाडूनच.

"ताई, गाडीचा दमच गेला ओ."

"जाऊ दे. इथे दम दाखवून कुणाची वरात ओढायचीय?"

ती बोलून मोकळी झाली, पण त्याच्या मनातून ते जाईना. ज्या गाडीला दम नाही ती गाडी गॅरेजच्या बाहेर सोडायची, ही त्याच्या लेखी स्वतःची बेअब्रू होती.

जायचं होतं ते कोलशेतच्या त्र्यंबकरावांच्या गटाबरोबर. रिटायर्ड इंजिनिअर, शिस्तीचा माणूस, पाच वेळा वर जाऊन आलेला. जूनमध्ये सात गाड्या निघणार होत्या. सहा नव्याकोऱ्या, त्यांचं डिझेल कॉम्प्युटर सांभाळणार. सातवी कांताची. निघण्याआधी प्रत्येक गाडीची परीक्षा होती. शिळफाट्यामागे एक बंद पडलेली खदान आहे, तिथला डंपरचा जुना चढ न थांबता चढायचा. मध्ये थांबला तो बाद. अरुंद रस्त्यावर एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या अडकतात, असं त्र्यंबकरावांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं. बाद झाल्यावर पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. पण कांताचे गुडघे आत्ताच कुरकुरत होते. पुढचं वर्ष तिच्या वाट्याला असेल याची खात्री कोण देणार?

रविवारी सकाळी राजरत्न जीप घेऊन थेट खदानीवर आला. सहा गाड्या धडाधड चढल्या. मग कांताने सीट पुढे ओढली आणि निघाली. जीप एका दमात वर गेली. मधलं वळण कधी आलं आणि कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. वर टाळ्या पडल्या. "काकू, काय उडवली!" कुणीतरी ओरडलं. त्र्यंबकरावांनी यादीत तिच्या नावापुढे खूण केली.

कांता मात्र हसली नाही. दुसऱ्या गिअरलाच तिला आवाज परका वाटला होता, आणि आरशात मागे काळा धूर दिसला होता. तिने उतरून बॉनेट उघडलं. स्क्रूवरची लाल रेघ एकीकडे होती आणि नटावरची दुसरीकडे. तेवढ्यात राजरत्न धापा टाकत चढून आला.

"हे कुणी केलं?"

राजरत्नने पायाने खडी सारखी केली. "मीच केलं, ताई. सकाळी. आजच्यापुरतं होतं ओ, उद्या परत मागे घेणार होतो. ह्या सगळ्या लोकांसमोर तुमची गाडी अर्ध्यात बसली असती तर? मला नसतं बघवलं."

कांताचं डोकं सणकलं. या माणसावर ती आजवर कधी एवढी चिडली नव्हती. त्याने हे मायेपोटी केलं होतं, त्यामुळे तर तिला जास्तच राग आला.

"म्हणजे तुलाही वाटत होतं मी नाही चढणार! अरे, इथे धूर काढून वर आले, आणि तिथे खिंडीत गाडीने धूर ओकला तर तू येणार आहेस धावत? पाना काढ. अर्धा आटा मागे घे. रेघेवर रेघ आली पाहिजे." मग ती वळली. "त्र्यंबकराव, माझं नाव खोडा. मी पुन्हा चढवते."

"कांताताई, झालं की आता. चढलात तुम्ही."

"ही गाडी तिकडे न्यायचीच नाहीये मला. न्यायचीय ती अजून चढायचीय."

त्र्यंबकरावांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि खूण खोडली.

राजरत्नने रेघ जुळवली आणि कांताने जीप पुन्हा खाली नेली. यावेळी जीप निघाली ती म्हातारी जिना चढते तशी. खडीवर चाकं फिरू नयेत म्हणून तिने दुसरा गिअर टाकला होता. अर्धा चढ गेला. वळणावर पुढचं चाक एका दगडाला भिडलं, इंजिन दोनदा घुसमटलं आणि बंद पडलं. वर कुणीतरी "अरेरे" म्हणालं, ते तिला स्पष्ट ऐकू आलं. गेलं सगळं, असं तिला वाटलं.

पण हातपाय आपलं काम करत राहिले. शहाडच्या पुलावर रोज सकाळी गाड्या तुंबायच्या. चढावर व्हॅन, आत अकरा पोरं, मागे बंपरला चिकटून एखादा बाइकवाला. तिथे एक वीतही मागे यायची सोय नव्हती. कांताने ब्रेक दाबून ठेवला, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. क्लच अर्धा सोडला, जीपने नाक उचललं, तसा हँडब्रेक हळूच खाली घेतला. चाक दगडावरून पलीकडे उतरलं. जीप बोटभरही मागे आली नाही. पुढचा चढ तिने त्याच चालीने संपवला. मागे धूर नव्हता.

वर येऊन ती उतरली आणि थेट त्र्यंबकरावांसमोर उभी राहिली.

"थांबले मी. नियम तुमचाच आहे. बाद करा."

त्र्यंबकरावांनी यादीची घडी घातली. "पाच वेळा गेलो वर," ते म्हणाले. "पाचही वेळा कुणी ना कुणी चढावर थांबलंच. मीसुद्धा थांबलोय. आणि घाबरून गाडी मागे जाऊ दिलीय. मागच्या गाडीचा दिवा फुटला, म्हणून तर हा नियम केला. तुमची बोटभरही मागे आली नाही." त्यांनी बाकीच्या सहा जणांकडे पाहिलं. "सगळ्यात सावकाश गाडी पुढे ठेवायची असते, म्हणजे मागचे उगाच पळत नाहीत. कांताताई, पहिली गाडी तुमची."

सगळ्यांना तोंडावर उत्तर देणाऱ्या कांताचे डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले, आणि राजरत्न आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्याच्यावर उगाचच डोळे वटारले.

मग ती सहा नव्या गाड्यांकडे वळली.

"पुढे मी असणार," ती म्हणाली, "आणि मागून कुणी हॉर्न वाजवलेला मला चालत नाही. आत्ताच सांगून ठेवते."