तिसरी मेंढी

डोंगरातला लांडगा संपून साठ वर्षं झाली होती. शेवटचा कुणी मारला, यावरून दोन घराण्यांत अजून वाद होता. मेला याचं दुःख मात्र कुणालाच नव्हतं. अशा ठिकाणी सरकारने दूरच्या मुलखातून सहा लांडगे आणून सोडले, आणि त्यांच्या देखरेखीला जनावरांची जी डॉक्टरीण नेमली, ती नेमकी तिथल्याच एका मेंढपाळाची मुलगी.

बापाने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. निरोपांची ने-आण वहिनी करायची.

"बाबा विचारताहेत, तुमची ती सहा लेकरं बरी आहेत ना?"

"सांगा त्यांना, दात येताहेत."

अशी दोन वर्षं गेली.

लांडगे सोडताना मेंढपाळांनी एकच अट घातली होती. एका लांडग्याने वर्षात तीन पाळीव जनावरं मारली, तर त्याला धरायचं आणि जन्मभर कुंपणात ठेवायचं. कानतुट्या नावाच्या नराच्या खात्यावर दोन मेंढ्या जमा होत्या. त्याची मादी कड्याखालच्या बिळात व्यायली होती. चार पिल्लं, अजून पुरते डोळेही न उघडलेली.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. "बाबांची मेंढी गेली. लवकर या. आणि मनावर घेऊ नका, पण त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना गोळा केलंय."

ती पोचली तेव्हा दगडी बांधाजवळ दहा-बारा माणसं उभी होती. "लांडगा आला रे आला!" कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. बाप काठीवर हनुवटी टेकवून उभा होता.

तिने हातमोजे चढवले आणि मेंढीच्या मानेवरची कातडी सोलली. कुत्री कशीही लचके तोडतात: कान, मागचे पाय, शेपटी. इथे एकच पकड होती, गळ्याला, खोलवर. सुळ्यांच्या तीन खुणा होत्या. चौथी असायला हवी तिथे कातडी साफ होती. कानतुट्याचा खालचा डावा सुळा मोडलेला होता. माग काढायचा सिग्नलचा पट्टा गळ्यात बांधताना त्याचं तोंड तिनेच उघडून पाहिलं होतं. बाकी कुणाला ते ठाऊक नव्हतं. पट्टाही महिनाभर बंद पडलेला.

तिने वनखात्यातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. ते भले गृहस्थ, आवाज खाली आणून म्हणाले, "परवा तिकडे भटकी कुत्री दिसली होती ना? शंका असेल तर कुत्रं लिहा. चार पिल्लं आहेत, बाई."

"शंका नाही, साहेब."

तिने फोन ठेवला. फूटपट्टी लावून पुन्हा एकदा मोजलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मग उठून उभी राहिली. "लांडगा आहे. कानतुट्याच."

कुणी हसलं नाही. माणसं हळूहळू पांगली. बाप तिथेच राहिला.

"कुत्रं म्हणाली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

दोन वर्षांनी कानावर पडलेलं बापाचं पहिलं वाक्य. ती हातमोजे काढत राहिली. "कुणालाच नाही. पण उद्या खरंच कुत्र्याने मारली असती, तर तुम्ही माझं ऐकलं नसतं."

"आजही कुठे ऐकतोय," तो म्हणाला आणि मेंढीचे मागचे पाय धरले. पुढचे तिने धरले. दोघांनी मिळून ती गाडीत टाकली.

चौथ्या दिवशी कानतुट्या सापळ्यात सापडला. भुलीचं इंजेक्शन तिनेच दिलं. कुंपणात तो जागा झाला, तारेच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

एकटी मादी शिकारीला लांब जाऊ शकत नव्हती, आणि जवळची सोपी शिकार म्हणजे वरच्या कुरणातली कोकरं. तीन मारली की तीही कुंपणात गेली असती. त्याच आठवड्यात बापाने आपला कळप खालच्या कुरणात उतरवला. तिथलं गवत खरबरीत, पाणी लांब. शेजाऱ्यांनी टोमणे मारले, "लेकीने म्हाताऱ्याला गुंडाळलं."

"माझी कोकरं वाचवतोय," तो म्हणाला. "लांडगीण उपाशी मेली तर मला काय!"

डॉक्टरीण दर चार दिवसांनी रस्त्यावर गाडीखाली मेलेलं हरीण कड्याजवळ टाकून यायची. तरी दोन पिल्लं दगावली.

पानगळीच्या सुमाराला जंगलातल्या कॅमेऱ्यात उरलेली दोघं दिसली, आईच्या मागे, तंगड्याच तंगड्या. तिने तो फोटो बापाला दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"कळपात शिरली तर गोळी घालीन."

"मग मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल."

"लिही की. खरं लिहितेस, एवढं माहीत झालंय सगळ्यांना."

पहिला बर्फ पडायच्या आत मादी पिल्लांना घेऊन खिंड ओलांडून गेली. पलीकडे तिच्या पट्ट्याचा सिग्नल पोचत नव्हता. डॉक्टरणीने वहीत तारीख लिहिली, दिशा लिहिली, आणि कुंपणातल्या नराला मांस टाकायला गेली.